पक्का भिडू



गल्लीत खेळ सुरू होण्याआधी भिडू वाटून घेतात, तेव्हा एक शब्द हमखास कानावर येतो : कच्चा लिंबू. कुठे त्यालाच लिंबूटिंबू म्हणतात. कोणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागलेला असतो. त्याला घरी पाठवले तर तो रडेल आणि आई रागावेल, म्हणून त्याला खेळात घेतात. पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो बाद झाला तरी बाद नसतो आणि त्याने काढलेल्या धावा कोणी मोजत नाही. धाकट्या भावाचे त्यात काही बिघडत नाही. दोन-तीन वर्षांत तोही पक्का भिडू होतो आणि दुसऱ्या कोणाला तरी कच्चा लिंबू म्हणू लागतो. पण आपल्या मंडळ्यांमध्ये अशीही मुले आहेत, जी अठरा-वीस वर्षांची झाली तरी कच्चा लिंबूच राहिली आहेत. कोणाला जन्मतः सेरेब्रल पाल्सी आहे, कोणाचा पाय रेल्वेखाली गेला आहे, कोणी बांधकामावरून पडून कमरेखाली लुळा झाला आहे. संडे स्कूलच्या क्रीडादिनी त्यांना एक तर गुण लिहायला बसवतात, नाही तर सगळ्यांच्या शेवटी एक उत्तेजनार्थ बक्षीस देऊन टाळ्या वाजवतात. टाळ्या मनापासून असतात. तरीही त्या मुलाला ठाऊक असते की आपण काहीच जिंकलेले नाही.

या वेळी त्या मुलांच्या खेळाविषयी लिहायचे आहे.

आम्ही म्हणजे सुरतेच्या उधना-पांडेसरा भागातल्या एका लहानशा मराठी मंडळीतले सहा स्वयंसेवक. आमच्यापैकी बहुतेकांची मूळ घरे नंदुरबार, नवापूर, धुळे, जळगाव इकडची. वडील किंवा आजोबा ताप्ती लाइनच्या गाडीने इथे मिलमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले. घरात अहिराणी किंवा मराठी, बाजारात गुजराती, मिलमध्ये हिंदी, असा आमचा कारभार. दर शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही मंडळीच्या हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावतो, सतरंज्या गुंडाळतो आणि आठ-दहा मुले जमतात. सगळी आपल्याच मंडळीची नाहीत. शेजारच्या सोसायटीतली एक मुलगी ओडिया आहे, एक मुलगा मुसलमान आहे. खेळायला येणाऱ्याला आम्ही धर्म विचारत नाही, चप्पल बाहेर काढायला सांगतो.

सुरुवात लंगडीने झाली. हा आपला जुना खेळ. ज्याच्यावर राज्य असते त्याने एका पायावर उड्या मारत बाकीच्यांना शिवायचे. म्हणजे बघा, दोन्ही पाय धड असलेली मुले हौसेने एक पाय उचलून खेळतात, आणि ज्या मुलाला खरोखर एकच पाय आहे तो कट्ट्यावर बसून बघतो! आमच्या त्या मुलाला आम्ही विचारले, खेळशील का? तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "शिवायला मी येईन. पळायला जमणार नाही. मग पळणाऱ्यांनी पण लंगडीच घाला ना." एवढा एकच नियम बदलला. त्या दिवशी त्याने सात जणांना शिवले आणि स्वतः दोनदा बाद झाला. दुसऱ्यांदा बाद झाल्यावर त्याने पाच मिनिटे वाद घातला की मी रेषेच्या आतच होतो. शेवटी पंचांनी त्याला बाहेर बसवले. रुसून बसला होता. पण कट्ट्यावर नेहमी बसतो तसा नव्हता बसला.

मग आम्ही बसून खेळायच्या व्हॉलीबॉलकडे वळलो. हा खेळ नेदरलँड्समध्ये १९५६ साली सुरू झाला आणि पुढे पॅरालिम्पिकमध्ये गेला. पुरुषांचा १९८० पासून, स्त्रियांचा २००४ पासून. गरीब मंडळीला परवडेल असा याच्यासारखा खेळ नाही. व्हीलचेअर लागत नाही, फक्त जाळी, चेंडू आणि साफ फरशी लागते. मैदान दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. जाळीची उंची पुरुषांसाठी १.१५ मीटर, स्त्रियांसाठी १.०५ मीटर. मुख्य नियम असा की चेंडू मारताना बूड जमिनीला टेकलेले हवे. उचलले की फाउल. समोरच्याची सर्व्हिस जाळीवरच अडवायलाही इथे परवानगी आहे, उभ्याच्या व्हॉलीबॉलमध्ये ती नसते. आमचा हॉल सहा मीटरला थोडा कमी पडतो, म्हणून एका बाजूची रेषा भिंतीच्या अगदी पायथ्याशी आहे. तिथे खेळणाऱ्याने डोके सांभाळायचे.

या खेळात एक गंमत होते. तरुण संघातली धडधाकट मुलेही खाली बसून खेळतात, आणि त्यांना आपल्या पायांचे काय करावे हेच कळत नाही. पाय मध्ये येतात. सरकायचे म्हटले की ती हातांवर भार न देता पायांनी ढकलायला जातात आणि उलटी पडतात. याउलट पांडेसऱ्याचा आमचा एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. त्याचे दोन्ही पाय जन्मापासून आखडलेले. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. वडील डाइंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीत, आई घरी साड्यांवर टिकल्या आणि स्टोन लावते. तो लहानपणापासून जिना बसून, हातांवर उतरत आला आहे, एकेक पायरी. बिल्डिंगमधली पोरे त्याला 'सरपट्या' म्हणत. त्याची आई सांगते की दहावीनंतर तो खाली उतरायचाच बंद झाला, कारण उतरताना लोक बघतात. तोच मुलगा व्हॉलीबॉलच्या फरशीवर असा काही सरकतो की जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडूच्या आधी पोहोचतो. दहा वर्षे जिन्याने त्याचे खांदे घडवले होते. ते कशासाठी, हे त्याला फरशीवर उतरल्यावर कळले.

त्याच्या पहिल्याच सामन्यात समोरच्या तरुणाने त्याला सोपी, उंच, अलगद सर्व्हिस टाकली. त्याने चेंडू हातात धरला, परत दिला आणि म्हणाला, "असा नको. त्यांना टाकतो तसा टाक."

हे ऐकून आम्हाला मफीबोशेथ आठवला.

मफीबोशेथची गोष्ट २ शमुवेलमध्ये आहे, पण ती एका जागी नाही. तुकड्यातुकड्यांनी येते, म्हणून आपण ती अर्धीच लक्षात ठेवतो. चौथ्या अध्यायात एकच वचन आहे : शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली, पाच वर्षांच्या मुलाला उचलून दाई पळाली, घाईत तो पडला आणि पायांनी अधू झाला. पुढे कितीतरी वर्षे तो लो-दबारला दुसऱ्याच्या घरी राहतो. नवव्या अध्यायात दावीद त्याला बोलावून घेतो. तो घाबरत येतो, स्वतःला मेलेल्या कुत्र्यासारखा समजतो. दावीद त्याला दोन गोष्टी देतो : आजोबांची जमीन आणि आपल्या मेजावरची कायमची जागा. जमीन कसायला सीबा, त्याचे पंधरा मुलगे आणि वीस चाकर नेमून देतो. आणि अध्याय संपतो कुठे? तो दोन्ही पायांनी लंगडा होता, या माहितीवर. पाय बरे झाले असे तिथे लिहिलेले नाही. मेजावरची जागा मिळण्याआधी त्याला आधी चालून दाखव असे कोणी म्हटले नाही, आणि जागा मिळाल्यावर त्याचे लंगडेपण कोणी मेजाच्या चादरीखाली लपवले नाही. राजपुत्रांच्या रांगेत तो बसला, त्यांच्याच ताटातले जेवला.

आपल्या मुलांना आपण मेज देतो का? आपण त्यांना अन्नाची पाकिटे देतो, नाताळात ब्लँकेट देतो, कोणी दाते आले तर व्हीलचेअर देतो आणि फोटो काढतो. ते सगळे चांगलेच आहे, थांबवू नये. पण राजाने मफीबोशेथला लो-दबारला डबा पाठवला असता तर ती गोष्ट आज कोणी वाचली नसती.

मेजावरून सांगायचे राहिले. कमरेखाली संवेदना नसलेल्या मुलांना आम्ही फरशीवरच्या व्हॉलीबॉलला बसवत नाही. पालकांनी हे नीट लक्षात घ्यावे. कण्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली स्पर्श कळत नाही. सरकताना कातडी सोलवटली तरी दुखत नाही, आणि मग जखम चिघळल्यावर समजते. अशी बसून-बसून होणारी जखम भरायला महिने लागतात. त्या मुलांसाठी टेबल टेनिस. आमच्याकडे टेबल टेनिसचे टेबल नव्हते. प्रीतिभोजनाची दोन लाकडी मेजे होती, ती जोडली. खरे टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर उंच असते; आमचे थोडे आखूड आहे आणि मधली फट चेंडूला दगा देते. अडचण वेगळीच आली. मेजांच्या खाली आडवी पट्टी होती, तिला व्हीलचेअरवरच्या मुलाचे गुडघे आपटत. स्पर्धेच्या नियमात टेबलाचे पाय कडेपासून किमान ४० सेंटिमीटर आत असावे लागतात, ते याचसाठी. मंडळीतल्या एका सुतारकाम करणाऱ्या काकांनी पट्ट्या काढून आत सरकवल्या. आता प्रीतिभोजनाच्या दिवशीही व्हीलचेअर मेजाखाली सरळ जाते. इतकी वर्षे ती मुले मेजापासून हातभर लांब बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत होती.

व्हीलचेअरवरच्या टेबल टेनिसचा एक नियम आम्हाला फार आवडतो. सर्व्हिसचा चेंडू समोरच्याच्या बाजूला पडून कडेच्या रेषेवरून बाहेर गेला, तर तो गुण धरत नाहीत, सर्व्हिस पुन्हा करायची. कारण खुर्चीवरच्या माणसाला तिथे हात पोहोचवणे शक्यच नसते. पण एकदा खेळ सुरू झाला की दया नाही : चेंडू कुठेही मारा, कितीही जोरात मारा. सुरुवात न्यायाने करायची, पुढे कोणी कोणाला सोडायचे नाही.

आपल्या गुजरातचीच भाविना पटेल बघा. मेहसाणा जिल्ह्यातले सुंढिया हे तिचे गाव. एक वर्षाची असताना पोलिओ झाला. अहमदाबादच्या ब्लाइंड पीपल्स असोसिएशनमध्ये संगणकाचा कोर्स करायला आली आणि तिथे टेबल टेनिस खेळायला लागली. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये, २०२१ साली, तिचा पहिलाच सामना चीनच्या झोउ यिंगशी पडला आणि ती सरळ हरली. मग तिने रिओची विजेती हरवली, उपांत्य फेरीत आणखी एका चिनी खेळाडूला पाच गेममध्ये हरवले आणि अंतिम सामन्यात पोहोचली. समोर पुन्हा झोउ यिंग. पुन्हा हरली. २९ ऑगस्टला तिच्या गळ्यात रौप्यपदक पडले. पॅरालिम्पिक टेबल टेनिसमधले भारताचे ते पहिले पदक. आम्ही मुलांना ही गोष्ट सांगतो तेव्हा पदकापेक्षा त्या दोन पराभवांवर थांबतो. एकाच बाईने तिला दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा पूर्ण ताकदीने हरवले. म्हणून ते रौप्य खरे आहे.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर तर आता सिनेमामुळे घरोघरी माहीत झाले. पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमई मध्ये होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर गेले. उपचार म्हणून पाण्यात उतरवले, तर तिथे त्यांना पोहणे सापडले. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक आणि विश्वविक्रम मिळवला. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. (त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्यूनिकला झाले होते. पॅरालिम्पिकही तिथेच व्हायचे, पण खेळाडूंच्या इमारतींचे फ्लॅट करायचे होते म्हणून या मंडळींना हायडेलबर्गला पाठवले. जागा नाही, हे उत्तर तिकडेही मिळतच होते.) पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव आम्ही तरी वाचले नाही.

या सगळ्याचे मूळ एका इस्पितळात आहे. लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर नाझींच्या जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडला आले. कण्याला इजा झालेल्या सैनिकांना त्या काळी फार दिवसांचे सोबती मानत नसत. पलंगावर ठेवायचे आणि वाट बघायची. गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात त्यांना उठवले, कामाला लावले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाचा दिवस; त्याच दिवशी त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. चौदा पुरुष, दोन स्त्रिया. त्यातून पुढे पॅरालिम्पिक झाले. खेळ म्हणजे आजाऱ्याचे मन रमवणे, असे गुटमन मानत नव्हते. उपचारातच ते खेळाला धरत.

आता एक नाजूक गोष्ट.

ज्या मुलाविषयी वर लिहिले, त्याला आम्ही खेळायला बोलावले तेव्हा तो उपासनेलाही येत नव्हता. कारण त्याने नंतर सांगितले. कोणी पाहुणे उपदेशक आले की त्याला पुढे बोलावले जाई. डोक्यावर हात, मोठ्याने प्रार्थना, मग सगळे डोळे उघडून त्याच्या पायांकडे बघत. पाय तसेच. एका प्रार्थना सभेत कोणीतरी त्याच्या आईला म्हणाले की घरात विश्वास कमी पडतो आहे. ती बाई रात्री अकरापर्यंत स्टोन लावते आणि पहाटे उठून गुडघे टेकते. तिच्या विश्वासाचे माप घेणारे आपण कोण?

बरे करणाऱ्या प्रभूवर आमचा विश्वास आहे आणि आम्ही प्रार्थना करणे सोडलेले नाही. पण मार्कच्या दहाव्या अध्यायात आंधळा बार्तीमय येतो, तेव्हा प्रभू त्याला विचारतो की तुला काय हवे. त्याला काय हवे असेल हे सगळ्या यरीहोला दिसत होते, तरी विचारतो. या मुलाला आम्ही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर्व्हिस शिकायची आहे. वरून मारायची." मग त्याने थोड्या वेळाने असेही सांगितले की पायांसाठी प्रार्थना करायची तर घरी करा, पुढे बोलावून नको. पाळकसाहेबांना हे सांगितले. त्यांनी ते मानले आणि पुढच्या पाहुण्यांना आधीच कळवले. तो मुलगा आता उपासनेला येतो. तिसऱ्या रांगेत बसतो, आणि अधूनमधून प्रवचन लांबले की आम्हाला घड्याळ दाखवतो.

जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या भविष्याचे जे चित्र पाहिले, त्यात एक गोष्ट नेहमी वाचताना निसटते. आठव्या अध्यायात आधी म्हातारी माणसे येतात, वयामुळे हातात काठी घेऊन चौकात बसलेली. आणि लगेच पुढच्या वचनात रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले. देव आपल्या नगराच्या खुणा सांगतो त्यांत मंदिर आणि तट यांच्याबरोबर काठी टेकणारे आहेत आणि खेळ आहे. ज्यांना काठी लागते ते त्या नगरातून वगळलेले नाहीत, एवढे तर नक्की. काठी लागणारी मुलेही त्या रस्त्यात असतील असे मानायला आमची हरकत नाही.

सगळ्यात कमी हालचाल असलेल्या मुलांसाठी बोचा हा खेळ आहे. पॅरालिम्पिकमध्ये तो १९८४ पासून आहे आणि ऑलिम्पिकमध्ये त्याचा जोडीदार खेळ नाही. एक पांढरा चेंडू टाकतात. एकाकडे सहा लाल, दुसऱ्याकडे सहा निळे. पांढऱ्याच्या जवळ ज्याचे चेंडू जास्त, त्याला गुण. गोट्या खेळलेल्या कोणालाही पाच मिनिटांत समजतो. खरे चेंडू महाग, म्हणून आमच्या महिला मंडळाने लाल-निळ्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यात मका भरून दिला. ज्याला हाताने टाकता येत नाही, तो उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतो. आम्ही पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ केली. पन्हळ हलवायला एक मदतनीस असतो, पण नियम असा की मदतनीसाने मैदानाकडे पाठ करून बसायचे. मागे वळून बघायचे नाही. खेळाडू सांगेल : जरा डावीकडे, आणखी वर, थांब. तेवढेच करायचे.

हा नियम पाळणे किती अवघड आहे, ते बसून बघितल्याशिवाय कळत नाही. चेंडू कुठे गेला हे बघायला मान आपोआप वळते. आईवडिलांना तर जमतच नाही. एक आई पहिल्या दिवशी चार वेळा वळली, आणि तिच्या मुलीने, जिला बोलायलाही कष्ट पडतात, चारही वेळा "मम्मी!" म्हणून दटावले. पाचव्या वेळी आई वळली नाही. डोळे मिटून बसली होती. मागे मुलीने निळा चेंडू पांढऱ्याला चिकटवला आणि हसली, तेव्हा आईला त्या हसण्यावरून कळले. वीस वर्षे त्या आईने मुलीचा घास, केस, कपडे, सगळे बघून केले आहे. न बघता मदत करायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली असावी.

पालकांचा नेहमीचा प्रश्न : पडला तर? पडेल. आमच्याकडे आतापर्यंत दोन कोपरे सोलवटली आणि एक ओठ फुटला. काळजी जी घ्यायची ती घेतो. खेळ झाल्यावर संवेदना नसलेल्या भागाची कातडी घरी तपासायला सांगतो, दर वीस मिनिटांनी बूड उचलून भार हलका करायला लावतो. कण्याला वरच्या बाजूला इजा असेल तर शरीराला घाम नीट येत नाही आणि अंग तापते, म्हणून एप्रिल-मेमध्ये अशा मुलांना पंख्याखालीच ठेवतो, ओले फडके जवळ असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाला खेळवत नाही. पण पडूच नये म्हणून न खेळणे, हा उपाय आम्हाला पटत नाही.

आणि ही कोणाची मेहेरबानी नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या २९ व्या कलमात करमणूक आहे आणि ३० व्या कलमात खेळ. गुजरातमध्ये खेल महाकुंभाबरोबर दिव्यांगांसाठी स्पेशल खेल महाकुंभ भरतो. ज्यांच्या मुलांची यूडीआयडी कार्डे झाली नसतील त्यांनी आधी ती करून घ्यावीत, अर्ज भरायला आम्ही बसू.

उत्तरायणाला मात्र आम्ही अजून हरतो. सुरतेत त्या दिवशी खाली रस्त्यावर कोणी नसते, अख्खे शहर गच्चीवर. पतंगाला हात लागतात, पाय नाही. व्हीलचेअर ढकलून ढकलून ज्याचे दंड तयार झालेत त्याच्यासारखी ढील आणि खेच कोणाची असणार! पण गच्चीला जिना असतो. गेल्या वर्षी आम्ही दोघांना खुर्चीसकट वर नेले. चौघे लागले, कफर्णहूमच्या त्या चौघांसारखे. फरक एवढाच की त्यांनी छप्पर उघडून माणूस खाली सोडला, आम्ही छपरावर चढवला. एकाने नऊ पतंग कापले. बाकीची मुले खाली पार्किंगमधून आभाळ बघत होती.

शेवटी मफीबोशेथच्या गोष्टीचा राहिलेला तुकडा. अबशालोमाच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून पळाला, तेव्हा मफीबोशेथ त्याच्याबरोबर गेला नाही. सीबाने राजाला सांगितले की तो फितूर झाला. राजाने ते खरे मानले आणि जमीन सीबाला देऊन टाकली. राजा परत आल्यावर, एकोणिसाव्या अध्यायात, मफीबोशेथ आपली बाजू सांगतो : मी पांगळा, गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, पण माझ्या चाकराने मला फसवले. म्हणजे मेजावर जागा होती, मनात निष्ठा होती, आणि सगळे अडले ते गाढवापाशी. न येणाऱ्याला यायचेच नव्हते असे लोकांनी धरले.

आमचेही गाढवापाशीच अडते. यादीत सतरा मुले आहेत, येतात आठ-दहा. बाकीच्यांना कोणी आणणारे नाही. सिटी बसमध्ये खुर्ची चढवायची तर दोन माणसे लागतात आणि मिलमधून त्या वेळी कोणी सुटत नाही. आम्हाला शनिवारी तीन ते सात दोन रिक्षा हव्या आहेत. चालवणारा भाऊ आपल्यातला असला तर बरे, गॅसचे पैसे आम्ही देऊ. हॉलच्या दाराचा उंबरठा चार इंच आहे, तो फोडून उतार करायला गवंडी हवा. जाड गाद्या किंवा जुनी कुस्तीची मॅट कोणाकडे असेल तर कळवा. रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांकडे नाव द्यावे.

रिक्षावाल्या भावासाठी एक सूचना. पांडेसऱ्याच्या मुलाच्या दारात तीनला पोहोचा, पण साडेतीनच्या आधी निघायची घाई करू नका. दोन जिने उतरायला त्याला त्याचा वेळ लागतो, आणि तो कोणाला उचलू देत नाही.